क्लोनिंग आणि रोग्याची पेशी

कलमी आंब्याला मूळ झाडाचेच फळ धरते, याचे आमच्या विद्यार्थ्यांना नवल वाटत नाही. प्राण्याचे असे कलम म्हणजे क्लोनिंग. एडिंबरोजवळच्या रॉस्लिन संस्थेत मेंढीच्या कासेतली पेशी, केंद्रक काढलेल्या बीजांडाशी विजेच्या धक्क्याने जोडली. अशा २७७ जोडण्यांतून ५ जुलै १९९६ रोजी जन्मली एकटी डॉली! हा हिशेब पाहता माणसाची प्रतिकृती करू म्हणणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. वैद्यकाचे काम पेशीवरच भागते. सस्तन प्राण्याची पक्व पेशीही मूळपदावर येऊ शकते, हे डॉलीने दाखविले. २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी बीजांडावाचून, केवळ चार जनुकांच्या बळावर, उंदराच्या पेशी तशा मागे नेल्या. २०१४ मध्ये कोबे येथे एका वृद्धेच्या स्वतःच्या त्वचेपासून दृष्टिपटलाखालचा पेशींचा थर तयार करून तिच्या डोळ्यात बसविला. वर्षानंतर दृष्टी सुधारली नव्हती, पण खालावलीही नव्हती. आणि शरीराने तो थर परका मानला नाही.