वखारीतल्या तुकड्यांचे पेन

वखारीच्या मागच्या बाजूला चुलीसाठी पोत्याने विकल्या जाणाऱ्या तुकड्यांचा ढीग असतो. आमच्या केंद्रातील मुले-मुली त्यातून पेनासाठी लाकूड निवडायला शिकत आहेत. “आमच्या पाड्यावर हे जमेल का?” असे विचारणाऱ्या वाचकांसाठी हा पाठ.

सुतार सरळ रेषेचे लाकूड ठेवतो. गाठ, बेचक्याची जागा, मुळाजवळचा भाग कापून टाकतो. चौकटीसाठी ते बरोबरच आहे, कारण तिथे लाकूड कमजोर असते. पेनाला मात्र तोच भाग हवा. दोन फांद्या जिथे फुटतात तिथे लाकडाचे तंतू एकमेकांवर दाबले जाऊन वळतात. त्यांवरून उजेड निरनिराळ्या दिशांना परततो, म्हणून पिसासारखी नक्षी दिसते. तुकड्याला पाणी लावून पाहा, ती लगेच उठून दिसते. साग, शिसव, बाभूळ, सगळ्यांत सापडते. रानातून लाकूड आणू नका, पडलेलेसुद्धा. तुकडे वखारीतून घ्या आणि पावती जपून ठेवा. सागाच्या बाबतीत तर नक्कीच.

आमची मोठी चूक वाळवण्यात झाली. पहिली मागणी आली तेव्हा घाईत ओलसर लाकूड वापरले. पेने सुंदर दिसली, पण उन्हाळ्यात बहुतेकांना उभ्या चिरा पडल्या. लाकूड आकसते, आतली पितळी नळी आकसत नाही. पैसे परत करावे लागले. ज्या मुलीने त्यातली निम्मी पेने केली होती, ती दोन आठवडे केंद्रात आली नाही. चूक तिची नव्हती, आम्हा शिकवणाऱ्यांची होती. आता तुकडे २० मिलिमीटर चौरस कापून, टोकांना मेण लावून सावलीत ठेवतो आणि दर आठवड्याला काट्यावर तोलतो. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले.

मग भोक. साध्या पेनाच्या नळीला ७ मिलिमीटरचे ड्रिल लागते. गाठीच्या लाकडाला उष्णता सोसत नाही, म्हणून ड्रिल हळू चालवा आणि भुसा काढायला वरचेवर बाहेर घ्या. तुकडा नळीपेक्षा थोडा लांब ठेवा. ड्रिल बाहेर पडताना ढलपी उडते, ती त्या जास्तीच्या भागात उडू द्या. पेनाचे दोन भाग करण्याआधी लाकडावर पेन्सिलीने एक रेघ मारा, म्हणजे जोडताना नक्षी जुळते. नळी पॉलिशपेपरने खरखरीत करून एपॉक्सीने बसवा. साग तेलकट असतो, त्याचे भोक आधी थिनरने पुसून घ्या.

लेथवर दांडा फार आवळू नका. तो वाकला की पेन लंबगोल होते. हत्यार धारदार हवे आणि काप अगदी पातळ घ्यावा. सागात वाळूसारखे कण असतात, धार लवकर जाते. गाठीजवळ आले की आमचे सुतारकाका हत्यार बाजूला ठेवायला लावतात आणि उरलेले काम १५० नंबरच्या पॉलिशपेपरने करवतात. वेळ लागतो, पण तुकडा वाचतो. पुढे २४०, ४०० आणि ६००. बारीक फट राहिली तर त्याच लाकडाचा भुसा भरून वर पातळ गोंद, म्हणजे फेव्हिक्विकसारखा, सोडायचा. चष्मा आणि मास्क रोज लावा. शिसव आणि सागाचा भुसा काहींच्या कातडीला व छातीला बाधतो. ओढणी, बांगड्या, सैल बाही लेथजवळ नको.

नवशिक्याला एका पेनाला दीड-दोन तास लागतात. दर ठरवताना हे तास धरा. “लाकूड तर फुकटचे” म्हणून भाव पाडून मागणारे भेटतात, आणि आमची मुले संकोचाने हो म्हणतात. नळी, रिफिल, क्लिप यांचा खर्च आणि तासांची मजुरी कागदावर लिहून तो कागद विकणाऱ्याच्या हाती द्या.

पहिली पाच पेने विकू नका. घरात वापरा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या.