तळाशी दबा धरणारी खरबी : आहार, वर्तन आणि भातशेती

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे गोविंदपुरम् हे गाव विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरामुळे मराठी भाविकांच्या परिचयाचे आहे. कृषिदृष्ट्या हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचा पट्टा असून, १९२२ साली सुरू झालेले आडुतुरै येथील भात संशोधन केंद्र येथून जवळच आहे. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेनुसार १२ जूनला सोडले जाते. ते कालव्यांतून खाचरांत पोहोचते, तेव्हा त्यासोबत मासेही येतात. गोबी गटातील ‘ग्लॉसोगोबियस गियुरिस’ हा त्यांपैकी एक. तमिळमध्ये त्यास उळुवै, तर कोकणात खरबी म्हणतात. शेतात मासे आले की कीड आपोआप खाल्ली जाते, असा समज आढळतो. खरबीच्या बाबतीत तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

शरीररचना व भक्ष्य पकडण्याची पद्धत

खरबीचे शरीर लांबट, डोके चपटे, डोळे वरच्या बाजूस आणि खालचा जबडा पुढे आलेला असतो. पोटाकडील दोन पर जुळून वाटीसारखी चकती तयार होते. ही सारी रचना तळाशी राहण्यास अनुकूल आहे. खरबी भक्ष्याचा दूरवर पाठलाग करीत नाही. चिखल-वाळूशी मिळत्याजुळत्या रंगामुळे ती निश्चल पडून राहते आणि भक्ष्य टप्प्यात येताच झडप घालते.

वयानुसार बदलणारा आहार

पिल्ले प्रामुख्याने प्राणिप्लवक व लहान कीटक-अळ्या खातात. वाढ होत जाते तसा कोळंबी व लहान मासे यांचा वाटा वाढतो. प्रसंगी मोठी खरबी स्वजातीची पिल्लेही गिळते.

कीड नियंत्रणातील मर्यादा

खोडकिड्याची अळी खोडाच्या आत असते आणि तपकिरी तुडतुडे पाण्याच्या वर बुंध्यावर रस शोषतात. दोन्ही किडी खरबीच्या आवाक्याबाहेर राहतात. डासांच्या अळ्या श्वसनासाठी पृष्ठभागाशी येतात, तर खरबी तळाशी असते; म्हणून ती गप्पी माशाला पर्याय ठरत नाही. शिवाय तळाशी वावरणारी चतुराची पिल्ले, म्हणजे डासांच्या अळ्यांचे शत्रू, तिच्या भक्ष्यात येऊ शकतात. खरबीच्या भरवशावर कीड सर्वेक्षण थांबविणे हिताचे नाही.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१. भातालगतच्या संगोपन तळ्यात कटला, रोहू, मृगळ यांचे मत्स्यबीज सोडावयाचे असल्यास पाण्याच्या प्रवेशद्वारावर बारीक जाळी बसवावी.

२. खरबी तळाला चिकटून राहत असल्याने ओढजाळ्याखालून निसटते. त्यामुळे तळे पूर्ण आटवून तळ उन्हात वाळवावा.

३. आटविणे शक्य नसल्यास, एक मीटर खोल पाण्यात हेक्टरी २,५०० किलो मोहाची पेंड, बीज सोडण्यापूर्वी सुमारे तीन आठवडे टाकावी. वाहत्या पाण्यात ती वापरू नये.

४. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अतिशय विषारी आहेत. फवारणीनंतर खाचरातील पाणी कालव्यात वा तळ्यात सोडू नये.

खाडी व कालव्यात खरबी हा अन्नसाखळीतील उपयुक्त दुवा आणि खाण्याचा मासाही आहे. मत्स्यबीजाच्या तळ्यात मात्र तीच नुकसान करते. म्हणून मासा आहे किंवा नाही एवढेच न पाहता तो किती मोठा आहे आणि कोणत्या थरात चरतो, हे पाहून निर्णय घ्यावा.