पेनड्राइव्ह हाताने जोडताना

१. पेनड्राइव्ह खोचला म्हणजे जोडला असं नव्हे. घरच्या संगणकावर खिडकी आपोआप उघडते, त्यामुळे हा फरक कळायचं कारणच नसतं. स्क्रीन-माउस नसलेल्या लिनक्स सर्व्हरशी गाठ पडली तेव्हा पाहिलं, की दिवा लुकलुकतोय आणि फायलींचा पत्ता नाही. 'एलएसबीएलके' कमांड दिल्यावर 'एसडीबी१' दिसलं: दुसरी डिस्क, तिचा पहिला भाग. यंत्रानं ओळखलं होतं, घरात मात्र घेतलं नव्हतं.

२. इथे वेगळा ड्राइव्ह असा नसतोच. 'सी', 'डी' अक्षरांवर वाढलेल्या माझ्या डोक्याला हे फार जड गेलं. मुळापासून एकच झाड, आणि त्याच्या एखाद्या फोल्डरवर पेनड्राइव्हचं कलम करायचं. हे काम करणारी 'माउंट' कमांड १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलातही आहे. अशा वडीलधाऱ्या कमांडशी हुज्जत काय घालणार? फोल्डर मात्र आधी तयार हवा. तो रिकामा नसला तर त्यातल्या फायली जोडल्याक्षणी दिसेनाशा होतात आणि आपल्या पोटात गोळा येतो. त्या पुसलेल्या नसतात, नुसत्या झाकलेल्या असतात. पेनड्राइव्ह उतरवला की जिथल्या तिथे.

३. रूटला, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला, सगळं जमतं, ही माझी श्रद्धा पेनड्राइव्हवरच्या फॅट३२ या फाइल-पद्धतीनं मोडली. या पद्धतीत फाइलचा मालक लिहून ठेवायची सोयच नाही. 'सुडो'नं, म्हणजे रूटच्या अधिकारानं, जोडलं की सगळं रूटच्या नावावर. मी फक्त वाचक. मग मालक बदलायला 'सीएचओन' दिलं, तर खुद्द रूटलाच नकार! मालकी जोडतानाच सांगायची असते, 'यूआयडी=१०००' अशी; १००० हा माझा वापरकर्ता-क्रमांक.

४. आजचा 'एसडीबी' उद्या 'एसडीसी' होऊ शकतो. पेनड्राइव्हचा ओळख-क्रमांक, म्हणजे यूयूआयडी, मात्र पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही; जोडताना तोच द्यावा. दिसायला रुक्ष, पण शब्दाचा पक्का.

५. कॉपी झाली म्हणजे लिहून झालं असं नाही. प्रॉम्प्ट परत येतो तेव्हा बराचसा मजकूर रॅममध्येच असू शकतो; कर्नल सवडीनं लिहितो. 'यूमाउंट' दिल्यावर मध्ये काहीच घडत नाहीसं वाटतं, तेव्हाच खरं लिखाण चाललेलं असतं. मी तेवढा वेळ हाताची घडी घालून बसतो. कधी उत्तर येतं, 'टार्गेट इज बिझी'. कोण अडवतंय म्हणून 'एलसॉफ'ला विचारावं, तर नाव निघतं 'बॅश', माझ्या कमांड घेणारा शेल. म्हणजे मीच, त्याच फोल्डरात ठाण मांडून. 'सीडी' करून बाहेर पडलं की पेनड्राइव्ह सुटतो.