वॉर्डात आग लागली तर पहिली पाच मिनिटे कुणाची?

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीजेचा दिवस. सकाळी अकराच्या सुमारास नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोना रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण दगावले. त्याच वर्षी 9 जानेवारीला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशुंच्या विभागातील आगीत 10 बालकांचा बळी गेला होता.

अग्निशामक दलाची गाडी कितीही तातडीने निघाली, तरी पोहोचेपर्यंत काही मिनिटे जातातच. ती मिनिटे असतात पाळीवर असलेल्या परिचारिकेची, कक्षसेवकाची आणि सफाई कामगाराची. म्हणून आपत्तीचे प्रशिक्षण फक्त अधिकाऱ्यांना देऊन भागत नाही.

आग एवढी झपाट्याने का पसरते?

प्राणवायू स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला जोर देतो. अतिदक्षता विभागात प्राणवायूचा वापर जास्त, गाद्या-पडदे भरपूर, आणि विजेची उपकरणे रात्रंदिवस चालू. बहुतेक वेळा माणसे ज्वाळांपेक्षा धुरानेच आधी गुदमरतात.

प्रत्येक कर्मचाऱ्याला काय यायला हवे?

1. आगीजवळच्या रुग्णाला आधी हलवावे. उचलायला माणसे नसतील, तर त्याला चादरीसकट जमिनीवर घेऊन ओढत न्यावे. जिना उतरण्याची घाई न करता प्रथम त्याच मजल्यावरील सुरक्षित खोलीत न्यावे.

2. त्याच वेळी दुसऱ्याने ओरडून सर्वांना सावध करावे आणि 101 क्रमांक फिरवावा.

3. आगीच्या जागेची वीज बंद करावी. प्राणवायूची झडप कुठे आहे आणि ती बंद करण्याचा निर्णय कुणाचा, हे आधीच ठरलेले असावे. त्या प्राणवायूवर असलेल्या रुग्णांसाठी छोटे सिलिंडर व हाताने श्वास देण्याची पिशवी तयार हवी.

4. रुग्ण बाहेर काढल्यावर दार लावून घ्यावे, म्हणजे धूर अडतो.

5. आग लहान असेल तरच अग्निशामक नळकांडे वापरावे. पिन ओढून नळी ज्वाळांच्या बुडाशी धरावी, मूठ दाबावी आणि फवारा डावीकडून उजवीकडे फिरवावा. विजेच्या आगीवर पाणी मारू नये.

हे कसे शिकवावे?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या महिलांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. एकदा वर्ग घेऊन त्यांना सोडून दिले नाही. त्या पुन्हा पुन्हा जामखेडला येत, गावात काय अनुभवले ते सांगत आणि पुढचे शिकत. असे घोटून घेतलेले ज्ञान हातात उतरते.

आगीचेही तसेच आहे. वर्षातून एकदा भाषण ऐकून सही केली, म्हणजे प्रशिक्षण झाले नाही. नळकांडे प्रत्येकाने एकदा तरी स्वतः चालवून पाहावे. चादरीवरून सहकाऱ्याला ओढून पाहावे. तालीम रात्रपाळीतही व्हावी, कारण माणसे तेव्हाच कमी असतात. नवीन कर्मचारी रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याला बाहेर पडण्याचे मार्ग आणि विजेचे मुख्य बटण दाखवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे शक्य आहे. त्याला खर्च फारसा नाही, अर्धा तास मात्र लागतो.

वाचकांनी काय करावे?

रुग्णाला भेटायला जाल तेव्हा पिशव्या, डबे आणि चपला वाटेत ठेवू नका. बाहेर पडण्याच्या दाराला कुलूप दिसले, किंवा नळकांड्यावरची तारीख उलटलेली दिसली, तर तेथील प्रमुखांना सांगा. यात कुणाचा अपमान नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण घरोघरी म्हणतो. रुग्णालयात ती विहीर म्हणजे शिकलेले हात. ते आजच तयार करायला हवेत.