‘माझी मैना गावावर राहिली’ : भाषा, वर्ग आणि षष्ठीचा प्रत्यय

शाहीर अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचा विचार प्रायः दोन अंगांनी केला जातो. एक, विरहाच्या लावणीचे रूपांतर म्हणून. दुसरे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे रूपक म्हणून. या दोन्ही वाचनांत गीताचा मधला भाग, म्हणजे मुंबईचे वर्णन, प्रासंगिक विस्तार ठरतो. वस्तुतः गीतातील भाषेचा प्रश्न आणि वर्गाचा प्रश्न याच भागात एकमेकांना भेटतात. प्रस्तुत लेखात गीताच्या भाषिक घडणीच्या आधारे हा संबंध तपासावयाचा आहे.

१. निवेदकाची बोली

गीताचा निवेदक पोटासाठी मुंबईस आलेला, पत्नीला गावी ठेवून आलेला कामकरी आहे. अण्णा भाऊंचे वाटेगाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात असले, तरी १९४९ पर्यंत ते सातारा जिल्ह्यातच होते. या मुलखातून गिरणगावात गेलेल्या माणसाला मुंबईने ‘घाटी’ म्हटले. या शब्दात प्रदेश, बोली आणि श्रम या तिन्हींची हेटाळणी एकवटली आहे. ध्रुवपदातील ‘होतिया’ हे क्रियारूप निवेदकाची ओळख पहिल्याच क्षणी देते.

या ठिकाणी फलटणचा दाखला उद्‌बोधक ठरतो. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील भेदांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९७३ साली प्रबंध सादर केला. पुढे जाई निंबकर यांच्यासमवेत त्यांनी मराठीचे संदर्भ-व्याकरण सिद्ध केले (१९७५) आणि फलटणमध्येच प्रगत शिक्षण संस्थेच्या द्वारा शालेय शिक्षणाचे कार्य उभे केले. एकाच लहान गावात मराठी एकसारखी बोलली जात नाही, ही गोष्ट अशा अभ्यासाचा पाया होय. ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांतील अंतर ध्वनीपुरते राहत नाही. वर्गात त्यावरून बोलणाऱ्याचे घर, जात आणि शिक्षण ओळखले जाते. शुद्धाशुद्धतेचा निर्णय हा पुष्कळदा सामाजिक निर्णय असतो.

२. बोलीच्या पलीकडे

तथापि ‘बोलीतील गीत’ एवढ्याने या रचनेचे वर्णन होत नाही. मैनेच्या रूपवर्णनात ‘उदात्त’, ‘सतेज’, ‘कांती’ असे तत्सम शब्द घरगुती, शेतीमातीच्या शब्दांशेजारी सहज बसतात. मुंबईच्या वर्णनात ‘हडसन’ ही मोटारगाडी, ‘नायलॉन’ आणि ‘जॉर्जेट’ ही वस्त्रे येतात. औपचारिक शालेय शिक्षण जवळजवळ न लाभलेला हा कवी भाषेच्या कोणत्याही थरावर परकेपणाने वावरत नाही. संस्कृतोद्भव शब्द ही एका वर्गाची मिरास आहे, हे गृहीतक येथे प्रत्यक्ष वापरानेच निकालात निघते.

३. ‘-ची’ची साखळी

गीताचे कडवे ‘-ची’ या अंत्ययमकावर चालते. पैकी काही रूपे क्रियापदाची आहेत. परंतु बहुसंख्य रूपे षष्ठीची, म्हणजे स्वामित्वसंबंधाची आहेत. लावणीच्या भागात हा प्रत्यय मैनेचे गुण मोजतो. मुंबईच्या भागात तोच प्रत्यय यंत्र आणि तंत्र, शेंडी आणि दाढी, धनिकाची गाडी आणि बेकारांची गर्दी यांना एका ओळीत आणतो. व्याकरण सर्वांना सारखे स्थान देते. जीवन देत नाही. या विषमतेची जाणीव स्वतंत्र भाष्यावाचून, केवळ यादीच्या रचनेतून होते.

चळवळीच्या काळातील मूळ प्रश्न ‘मुंबई कोणाची?’ हाच होता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे झालेल्या गोळीबाराने त्याला रक्ताची किंमत लाभली. परळ, लालबाग व फाउंटन ही नावे गीतात येतात, ती श्रमिकांच्या वस्तीपासून सत्तेच्या परिसरापर्यंतची वाटचाल सूचित करतात. शेवटी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांवरील परक्या मालकीचा उल्लेख येतो आणि मैनेचा दुरावा खंडित प्रदेशाचा दुरावा होतो. यमक आणि आशय यांचा प्रश्न एकच ठरतो : कोण कोणाचे?

४. निष्कर्ष

या गीतात भाषिक राज्याची मागणी अशा माणसाच्या तोंडी आहे, ज्याची भाषा प्रमाण मराठीच्या दृष्टीने सदोष ठरते. त्यामुळे मागणीचा अर्थ बदलतो. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. राज्यभाषेत या निवेदकाच्या ‘होतिया’ला स्थान किती, हा प्रश्न मात्र उरला. मधला भाग गाळून केलेले वाचन गीताला केवळ अस्मितागीत बनवते. शेवट गाळून केलेले वाचन केवळ वर्गगीत. ‘-ची’ हा प्रत्यय ‘पाणी’ म्हणणाऱ्याचा आहे, तसाच ‘पानी’ म्हणणाऱ्याचाही. सर्वांच्या मराठीत समान असलेल्या या रूपावरच शाहिराने आपला दावा उभा केला आहे. हे गीत अध्यापनात घेताना अध्यापकाने प्रथम याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अन्यथा त्या निवेदकाची बोली घेऊन वर्गात बसलेला विद्यार्थी आपल्याच गीतापासून दूर राहतो.