ओली भिंत आणि छातीतले राखणदार

कोकणातला पाऊस. एका घराच्या माजघरावरचे कौल फुटले होते. भिंतीवरून पाणी ओघळे. भाद्रपदापर्यंत भिंत काळी-हिरवी झाली. कोंदट वास येऊ लागला. त्याच भिंतीशी आठ वर्षांचा नातू झोपत असे. रोज पहाटे त्याला खोकला येई. छाती घरघरे.

आजी म्हणाली, "पावसाळी हवा बाधली पोराला."

डॉक्टरांनी मुलाला तपासले. मग विचारले, "आजी, हा झोपतो कुठं? तिथं ओल आहे का?"

"ओल कुणाच्या घरात नसते? पण भिंतीच्या ओलीचा नि खोकल्याचा काय संबंध?"

संबंध आहे. तो कसा, ते पाहू या.

भिंतीवरचे ते डाग म्हणजे बुरशी. शिळ्या भाकरीवर येते, तशीच. ती जिवंत असते. तिच्यातून बारीक कण उडतात. ते जणू तिचे बीच. ओल मिळेल तिथे ते रुजते. एका मिलिमीटरच्या ओळीत असे शेकडो कण मावतात. म्हणून ते डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत जातात.

पण आपले शरीर गाफील नसते. पहिला पहारा नाकात. तिथले केस आणि शेंबूड मोठे कण अडवतात. दुसरा पहारा श्वासनळीत. तिला आतून चिकट थर असतो. बारीक लव हलून हलून तो थर वर घशाकडे ढकलते. अडकलेली घाणही त्याबरोबर वर येते. विडीच्या धुराने ही लव दुबळी होते.

तरी काही कण फुप्फुसात खोल पोचतात. तिथे तिसरा पहारा असतो, भक्षक पेशींचा. त्या कणाला वेढतात आणि गिळून टाकतात. कण फार झाले, तर त्या मदत मागतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. हे काम रोज चालते. आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग नातवाला त्रास का झाला? काहींच्या शरीराला बुरशीचे वावडे असते. कण आला की राखणदार नको इतके चवताळतात. चोरावर उगारलेली काठी घरच्यालाच लागते! श्वासनळी सुजते, आवळते. कफ वाढतो, धाप लागते. दमा असेल तर तो बळावतो. ज्यांची रोगाशी झुंजण्याची ताकद फार कमी झाली आहे, त्यांच्या फुप्फुसात बुरशी वाढूही शकते. ते जिवावर बेतते.

मुलाचा बाप म्हणाला, "भिंतीला चुना फासतो."

डॉक्टर म्हणाले, "नुसत्या चुन्यानं भागणार नाही. ओल राहिली, तर बुरशी परत येईल. आधी कौल बदला."

बापाने कौल बदलले. नाकातोंडाला फडके बांधले. साबणाच्या पाण्याने भिंत पुसली. कोरडी झाडली नाही, कारण त्याने कण उडतात. तेवढा वेळ मुलाला बाहेर ठेवले. ऊन पडले की खिडक्या उघडल्या. मुलाचे अंथरूण दुसऱ्या खोलीत नेले. डॉक्टरांचे औषधही चालू ठेवले. हळूहळू खोकला कमी झाला.

आजी म्हणाली, "औषध पोराला दिलं, तसं घरालाही द्यायला हवं होतं!"

वाचा आणि सांगा :
१. छातीचे तीन पहारे कोणते?
२. तुमच्या घरात ओल कुठे आहे? पाणी कुठून येते?