भूमी अभिलेखांचा डेटाबेस : सहायक घटकांची निर्मिती व व्यवस्थापन

जमिनीच्या अधिकाराची नोंद हा भारतातील ग्रामीण प्रशासनाचा जुना पाया आहे. महाराष्ट्र व गुजरातमधील सातबारा, कर्नाटकातील पहाणीपत्रक, उत्तर प्रदेशातील खतौनी, तामिळनाडूतील पट्टा, गोव्यातील नमुना एक व चौदा अशी या नोंदीची नावे वेगवेगळी आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व मात्र सर्वत्र सारखेच. कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पात या शतकाच्या आरंभीच सुमारे २ कोटी पहाणीपत्रके संगणकावर आली. पुढे केंद्र शासनाने २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम हाती घेतला व २०१६ मध्ये त्याला डिजिटल इंडिया कार्यक्रमाची जोड मिळाली. या वाटचालीची चर्चा बहुधा किती गावांच्या नोंदी संगणकावर चढल्या या आकड्यांभोवती फिरते. चढलेल्या नोंदी आत कशा रचल्या आहेत याकडे लक्ष कमी जाते. उतारा वेळेवर मिळणे, योग्य व्यक्तीलाच बदल करता येणे आणि फेरफाराचा क्रम न चुकणे हे सारे मात्र या रचनेवरच अवलंबून असते.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानानुसार सर्व माहिती तक्त्यांत ठेवली जाते. भूधारकांचा एक तक्ता, भूखंडांचा दुसरा, कोणाचा कोणत्या भूखंडात किती हिस्सा याचा तिसरा, फेरफारांचा चौथा. प्रत्येक गोष्ट एकदाच व एकाच ठिकाणी लिहावी, हे या रचनेचे तत्त्व. परंतु केवळ तक्त्यांवर कारभार चालत नाही. त्यांच्या आधाराला व्ह्यू, इंडेक्स, सिक्वेन्स व सिनोनिम असे सहायक घटक निर्माण करावे लागतात.

व्ह्यू : दिसते ते, साठवलेले नव्हे

व्ह्यू म्हणजे नाव देऊन जतन केलेला प्रश्न. त्यात स्वतःची माहिती नसते. कोणी तो उघडला की मूळ तक्त्यांतून त्या क्षणीची माहिती गोळा होऊन समोर येते. महसुली दप्तराशी परिचय असलेल्यास ही कल्पना नवी वाटू नये. सातबारा हा मुळात गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, यांचा एकत्र उतारा आहे. आठ-अ हा तर खातेदाराच्या बाजूने पाहिलेला त्याच माहितीचा दुसरा चेहरा होय : सातबारा एका गटात कोणाकोणाचे नाव आहे ते सांगतो, तर आठ-अ एका खातेदाराची गावात कोठेकोठे जमीन आहे ते सांगतो. कागदी दप्तरात हे दोन्ही स्वतंत्रपणे लिहावे लागत आणि त्यांत मेळ राहिला नाही की तंटे उद्भवत. संगणकावर आठ-अ पुन्हा वेगळ्या तक्त्यात साठवणे म्हणजे जुन्या दप्तराचा दोष नव्या यंत्रात आणणे होय. तेथे व्ह्यूच हवा.

व्ह्यूचा दुसरा उपयोग अधिकारांच्या मर्यादेसाठी होतो. सामान्य नागरिकाला गटाचे क्षेत्र, खातेदारांची नावे व इतर अधिकारांचा रकाना दिसला पाहिजे. खातेदाराचा भ्रमणध्वनी क्रमांक दिसण्याचे कारण नाही. अशा वेळी मूळ तक्ता वाचण्याचा अधिकार न देता केवळ व्ह्यू वाचण्याचा अधिकार दिला जातो. त्याचप्रमाणे एका सज्जाच्या महसूल कर्मचाऱ्याला त्याच्याच गावांच्या नोंदी दाखवणारा व्ह्यू देता येतो. येथे एक बारकावा सुटू नये. व्ह्यूमधून नोंद बदलण्याची मुभा असेल, तर बदललेली नोंद त्या व्ह्यूच्या अटीत बसते की नाही हे तपासण्याचा पर्याय व्ह्यू निर्माण करतानाच जोडावा लागतो. तो नसेल, तर कर्मचारी आपल्या गावातील नोंदीवर दुसऱ्या सज्जातील गावाचा संकेतांक घालू शकतो आणि ती नोंद त्याच्या पडद्यावरून नाहीशी होऊन परक्या गावात जाऊन बसते.

मोठ्या अहवालांसाठी व्ह्यूचे उत्तर आधीच काढून साठवण्याचीही सोय असते. तो प्रकार वेगवान खरा, परंतु पुन्हा ताजा करेपर्यंत त्यातील माहिती शिळी असते. जिल्ह्यातील लागवडीखालील क्षेत्राच्या मासिक गोषवाऱ्याला हे चालते. बँकेने पीककर्जापूर्वी पाहावयाच्या उताऱ्याला मुळीच चालत नाही. काल चढलेला दुसऱ्या बँकेचा बोजा त्यात दिसणार नाही.

इंडेक्स : शोधाची किंमत

समजा, २ कोटी नोंदींचा एक तक्ता आहे व प्रत्येक नोंद ५०० बाइटची आहे. इंडेक्स नसेल, तर एक गट शोधण्यासाठी १० गिगाबाइट माहिती वाचावी लागेल. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने त्यास १०० सेकंद लागतील, आणि खिडकीसमोरची रांग तर शेकडो तालुक्यांत उभी असते. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनी १९७० च्या सुमारास विकसित केलेल्या बी-ट्री पद्धतीत एका पानात २०० नोंदींचे पत्ते मावतात असे धरले, तर तीन पायऱ्यांत ८० लाख व चार पायऱ्यांत १६० कोटी नोंदींपर्यंत पोहोचता येते. अर्थात वरील तक्त्यात चार पाने वाचली की नोंदीचा पत्ता मिळतो.

इंडेक्समधील रकान्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक या क्रमाचा इंडेक्स एका गावातील सर्व गट चटकन देईल. केवळ गट क्रमांक सांगितला तर त्याचा फारसा उपयोग नाही. नावांचा शोध याहून अवघड. ‘पाटील’ने सुरू होणारी नावे इंडेक्स शोधून देतो, पण नावाच्या मध्ये कोठेतरी येणारा शब्द साध्या इंडेक्सला सापडत नाही. गट क्रमांकाला ‘१२/१/अ’ असे पोटहिस्से असल्याने तो मजकूर म्हणून साठवावा लागतो व मग क्रमवारीत १० हा २ च्या आधी येतो. त्यासाठी मूळ अंक वेगळ्या रकान्यात ठेवणे श्रेयस्कर. देवनागरीची स्वतःची एक अडचण आहे. ‘कऱ्हाड’सारख्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते भिन्न वाटतात, आणि समोर बसलेल्या खातेदाराला ‘आपल्या नावाची नोंद नाही’ असे उत्तर मिळते. नोंद घेतानाच सर्व लेखन एका रूपात आणल्याखेरीज कोणताही इंडेक्स यावर उपाय ठरत नाही.

इंडेक्स फुकट मिळत नाही. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर त्या तक्त्यावरील सगळे इंडेक्स अद्ययावत करावे लागतात. एखादा अहवाल संथ वाटला की नवा इंडेक्स जोडायचा, ही अनेक कार्यालयांतील सवय फेरफाराच्या कामाला मंद करते.

सिक्वेन्स : अनन्य क्रमांक आणि अखंड क्रमांक

सिक्वेन्स हा क्रमांक देणारा घटक. एकाच वेळी शंभर संगणकांवरून मागणी आली तरी तो एक क्रमांक दोघांना देत नाही. त्याची हमी एवढीच आहे, आणि याच ठिकाणी अभिकल्पकांची सर्वाधिक फसगत होते. दिलेला क्रमांक घेऊन चाललेला व्यवहार मध्येच रद्द झाला, तर तो क्रमांक परत येत नाही. वेगासाठी काही क्रमांक आधीच काढून ठेवले जातात. ओरॅकलमध्ये सहसा २०. यंत्र अचानक बंद पडले तर तेही वाया जातात. परिणामी क्रमांकांत खंड पडतात.

अंतर्गत ओळखीसाठी हे चालते. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हिच्याबाबत चालत नाही. तेथे ४१२ नंतर ४१४ आला, तर ४१३ कोणी व का काढून टाकला हा प्रश्न वादी पक्ष विचारणारच, आणि तांत्रिक खुलासा त्याला पटण्याजोगा नसतो. म्हणून अशा नोंदवहीसाठी सिक्वेन्स न वापरता प्रत्येक गावाचा शेवटचा क्रमांक एका छोट्या तक्त्यात ठेवावा, नोंद घेताना ती ओळ कुलूपबंद करावी आणि व्यवहार पूर्ण झाल्यावरच मोकळी करावी. या पद्धतीत दुसऱ्याला थांबावे लागते. पण एका गावात दिवसाला मोजकेच फेरफार होत असल्याने ते थांबणे जाणवत नाही. संपूर्ण राज्यासाठी असा एकच गणक ठेवला तर मात्र सारे काम त्या एका ओळीपाशी तुंबेल.

क्रमांकावरून वेळेचा क्रम ठरवणेही धोक्याचे आहे. कर्नाटकच्या ‘भूमी’ प्रणालीत फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढण्याचा नियम होता. ओळखीच्या माणसाचा अर्ज पुढे सरकवण्याची सोय त्यामुळे बंद झाली. एकाहून अधिक सर्व्हर स्वतंत्रपणे क्रमांकांचे गठ्ठे घेऊन बसले असतील, तर नंतर आलेल्या अर्जाला लहान क्रमांक मिळू शकतो. असा नियम क्रमांकावर न बसवता अर्जाच्या नोंदलेल्या वेळेवर बसवावा लागतो. भूखंडाची ओळख ही आणखी वेगळी बाब. २०२१ पासून देण्यात येणारा १४ अंकी भू-आधार क्रमांक सिक्वेन्समधून न येता भूखंडाच्या अक्षांश-रेखांशावर आधारलेला असतो.

सिनोनिम व देखभाल

सिनोनिम म्हणजे तक्त्याचे पर्यायी नाव. तालुक्याच्या सर्व्हरवरील तक्ते राज्याच्या विदाकेंद्रात हलवले, तरी सिनोनिम नव्या जागेकडे वळवला की आज्ञावली बदलावी लागत नाही. ओरॅकलमध्ये ही सोय आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ती नाही व शोधमार्गाच्या मांडणीने तिचे बरेचसे काम भागवले जाते.

हे सर्व घटक मूळ तक्त्यांवर अवलंबून असल्याने तक्त्यात बदल करण्यापूर्वी डेटाबेसच्या अंतर्गत सूचीतून कोण कशावर विसंबून आहे हे पाहावे लागते. व्ह्यू ज्यावर आधारलेला आहे तो तक्ता काढून टाकण्यास पोस्टग्रेएसक्यूएल स्पष्ट आज्ञेशिवाय नकार देते. ओरॅकल तक्ता काढू देते व व्ह्यू निकामी अवस्थेत मागे उरतो. ते कळते ते दुसऱ्या दिवशी सकाळी, उताऱ्याची पहिली मागणी आल्यावर. म्हणून रचनेतील बदल कार्यालयीन वेळेनंतर करून लगेच प्रत्येक व्ह्यू एकदा उघडून पाहण्याची प्रथा ठेवावी. जुना इंडेक्स निरुपयोगी दिसला तरी तो काढण्याची घाई करू नये. काही इंडेक्स वर्षातून एकदाच, खरिपाच्या पीकपाहणीनंतरच्या अहवालांच्या वेळी वापरात येतात, आणि महिनाभराच्या निरीक्षणात ते पूर्णतः पडून असल्यासारखे भासतात.